'स्पेशल' कोणता घ्यायचा?

जून महिना आला की आमच्या कोल्हापुरातल्या घरी ठरावीक पाहुणे येतात. मुलगा किंवा मुलगी, सोबत वडील किंवा मामा, हातात गुणपत्रिका आणि प्रवेशाचा अर्ज. चहा येईपर्यंत पावसापाण्याच्या गप्पा होतात आणि मग मूळ प्रश्न बाहेर पडतो : "सर, मेजर कोणता घालू? स्कोप कशाला आहे?" गेल्या वर्षी आलेल्या एका मुलीने अर्जाची कच्ची प्रत पेन्सिलीने भरली होती. 'भौतिकशास्त्र' खोडून 'रसायनशास्त्र' आणि तेही खोडून पुन्हा 'भौतिकशास्त्र'. त्या चौकटीत कागदाला भोक पडायचेच काय ते बाकी होते.

शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांना हा प्रश्न माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा विचारला जात असेल. उत्तर देण्याची घाई करण्यापूर्वी आपल्या आधीच्या लोकांनी विषय कसे निवडले, की विषयांनीच त्यांना निवडले, हे पाहणे उपयोगाचे ठरेल. त्यासाठी फार लांब जायला नको. आपल्या कोल्हापुरातच चांगली उदाहरणे आहेत.

शब्द नवा, प्रश्न जुना

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 'मेजर' आणि 'मायनर' हे शब्द आपल्या महाविद्यालयांत रुळले. आमच्या वेळी 'स्पेशल' म्हणत. पहिल्या वर्षी अनेक विषय, दुसऱ्या वर्षी त्यांतले काही, आणि शेवटच्या वर्षी एक स्पेशल. शब्द बदलला, प्रश्न तोच राहिला.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे पहिले पदवीधर १८६२ मध्ये बाहेर पडले. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते. त्यांचे इंग्रजी शिक्षण कोल्हापुरातच सुरू झाले होते. त्या काळच्या विद्यार्थ्याला भाषा, इतिहास, गणित, तर्कशास्त्र असे सगळेच वाचावे लागे. निवडीला फारसा वाव नव्हता. अमेरिकेत याच सुमारास उलट प्रयोग सुरू झाला. १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे हार्वर्डचे अध्यक्ष असलेले चार्ल्स एलियट मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी सक्तीचे विषय कमी करत नेले आणि विद्यार्थ्यांना जवळजवळ मोकळे रान दिले. काहींनी त्याचे सोने केले. काहींनी सोप्या सोप्या विषयांची गोधडी शिवून पदवी मिळवली. म्हणून त्यांच्यानंतर आलेल्या लॉवेल यांनी मधला मार्ग काढला : एका विषयात खोल जायचे आणि बाकीच्यांची चांगली तोंडओळख ठेवायची. आजच्या मेजर-मायनरचे मूळ या विचारात आहे.

आपल्याकडेही ही पद्धत अगदी नवी नाही. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या, तेव्हा त्यांचा मुख्य विषय रसायनशास्त्र होता आणि दुय्यम विषय भौतिकशास्त्र. घरात वडील आणि काका रसायनशास्त्रज्ञ, परीक्षेत यश उत्तम, विषय पक्का. तरीही बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्या मुलगी आहेत म्हणून सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आधी प्रवेश नाकारला आणि त्यांनी हट्ट धरल्यावर अटी घालून दिला. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन त्यांनी त्या अटींना उत्तर दिले. विषय निवडणे आणि तो शिकायला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या उदाहरणावरून लक्षात ठेवावे.

गणिताचे पदवीधर, इतिहासाचे प्राध्यापक

कोल्हापूरचे राजाराम कॉलेज १८८० मध्ये सुरू झाले. लगेचच्या वर्षी, १८८१ मध्ये मॅट्रिक होऊन एक पंधरा वर्षांचा मुलगा तेथे दाखल झाला. त्याचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. वडील दोन वर्षांपूर्वीच वारले होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली होती आणि त्यांतले आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाला पाठवत. अशा मुलाला 'तुझा कल कशात आहे?' असे विचारणारे कोणी असण्याची शक्यता कमीच. पदवीपर्यंतच्या शिक्षणासाठी गोखल्यांना कोल्हापूर सोडावे लागले. १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते गणित घेऊन बी.ए. झाले.

पुढे काय, याचे उत्तर त्यांच्यापाशी तयार नव्हते. इंजिनिअरिंग, सनदी नोकरी, वकिली, सगळे विचार मनात येऊन गेले. अखेर ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. तेथे त्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक तयार केले आणि ते पुढे खूप चालले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी आधी इंग्रजी, मग गणित आणि पुढे इतिहास व अर्थशास्त्र शिकवले. जो विषय शिकवायला माणूस नसेल तो गोखल्यांकडे. सहकारी गमतीने त्यांना 'सांगाल त्या विषयाचे प्राध्यापक' म्हणत.

आजच्या भाषेत त्यांचा मेजर चुकला असे म्हणायचे का? १९०२ च्या मार्चमध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले गाजलेले भाषण झाले. सरकार शिलकीचे कौतुक करत होते. ही शिलक सुबत्तेची खूण नसून कर गरजेपेक्षा जास्त असल्याची खूण आहे, हे गोखल्यांनी सरकारचेच आकडे मांडून दाखवले. आकड्यांना प्रश्न विचारण्याची सवय गणिताने लावलेली, आणि कोणते प्रश्न विचारायचे ते इतिहास-अर्थशास्त्राने शिकवलेले. पदवीचा विषय त्यांनी टाकून दिला नाही. त्याला दुसरीकडे कामाला लावले.

एक प्राध्यापकपद आणि तीन कोल्हापूरकर

आता दुसरे उदाहरण. १९०८ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले विष्णू वासुदेव नारळीकर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवीधर होऊन गणितासाठी केंब्रिजला गेले. तेथे त्यांना एडिंग्टन यांचे मार्गदर्शन लाभले. परत आल्यावर त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सापेक्षतावादाच्या अभ्यासाची परंपरा उभी केली.

त्यांचे मेहुणे वसंत शंकर हुजूरबाजार हेही कोल्हापूरचे, जन्म १९१९ चा. बनारसला गणितात एम.एस्सी. करून तेही केंब्रिजला गेले आणि १९४९ मध्ये संख्याशास्त्रातील संशोधनावर डॉक्टरेट घेऊन आले. त्यांचे मार्गदर्शक हॅरल्ड जेफ्रीज होते. १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात गणित व संख्याशास्त्राचा विभाग हुजूरबाजारांनी सुरू केला.

तिसरे नाव सर्वांना ठाऊक आहे. जयंत नारळीकर, जन्म १९३८, कोल्हापूर. बनारसहून केंब्रिजला जाऊन १९५९ मध्ये ते गणितात सीनियर रँग्लर झाले. पुढे फ्रेड हॉइल यांच्याकडे विश्वरचनाशास्त्रात संशोधन करून १९६३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले.

या तिघांच्या गुरूंकडे नीट पाहिले की एक मजेदार गोष्ट दिसते. केंब्रिजमध्ये खगोलशास्त्राचे 'प्लुमियन' नावाचे एक जुने प्राध्यापकपद आहे. १९१३ ते १९४४ ते एडिंग्टनकडे होते, १९४६ पासून जेफ्रीजकडे आणि १९५८ पासून हॉइलकडे. म्हणजे एकाच घरातली तीन माणसे, एकाच पदावर लागोपाठ बसलेल्या तिघांकडे शिकली. आणि काय शिकली? एक सापेक्षतावाद, दुसरा संख्याशास्त्र, तिसरा विश्वरचनाशास्त्र. खगोलशास्त्राच्या प्राध्यापकाकडे संख्याशास्त्र कुठून आले? जेफ्रीज पृथ्वीच्या अंतरंगाचा अभ्यास करत. भूकंपलहरींच्या वेळांच्या नोंदींत चुका असतात. अशा नोंदींवरून किती खात्रीने अनुमान काढावे, या प्रश्नाने त्यांना संभाव्यतेकडे नेले. १९३९ मधले त्यांचे त्या विषयावरचे पुस्तक आजही वाचले जाते. दारावरची पाटी खगोलशास्त्राची होती, पण आतला माणूस प्रश्नामागे चालला होता.

मग जयंतरावांना गणिताची गोडी कशी लागली? वडील गणिताचे प्राध्यापक होतेच. पण ते स्वतः आठवण सांगत ती मोरूमामांची. हे मोरेश्वर हुजूरबाजार एम.एस्सी.साठी बनारसला नारळीकरांकडेच राहत होते. घरात मुलांसाठी फळे लावलेले होते. मामा त्यांतल्या एका फळ्यावर भाच्याच्या नावाने आव्हान म्हणून एखादे कोडे लिहून ठेवत. उत्तर सापडेपर्यंत, किंवा भाच्याने हार मानेपर्यंत, ते पुसले जात नसे. ते कोडे शाळेच्या अभ्यासक्रमातले नसे आणि त्याला गुणही नसत. त्याच घरातले धाकटे बंधू अनंत पुढे अतिसंवाहकतेचे संशोधक झाले. फळ्याने कोणाचा विषय ठरवला नाही. प्रश्नाशी काही दिवस राहण्याची सवय मात्र लावली.

ज्यांच्या घरी फळा नव्हता

संख्याशास्त्राचा विद्यार्थी येथे हात वर करील : तुम्ही यशस्वी झालेल्यांचेच नमुने घेतलेत. आक्षेप बरोबर आहे. प्राध्यापक वडील आणि एम.एस्सी. मामा किती मुलांच्या नशिबी असतात? कोल्हापुरापुरते या प्रश्नाचे एक उत्तर राजर्षी शाहू महाराजांनी दिले होते. १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे उभी केली आणि १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. कारण राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण असल्याशिवाय विषयाच्या निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला ते लंडनला निघाले तेव्हा शाहू महाराजांनीही हातभार लावला. कोलंबियात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता, पण इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र या वर्गांनाही ते बसले. भारतातील जातींच्या उत्पत्तीवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध त्यांनी १९१६ च्या मे महिन्यात वाचला तो अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात. तो प्रश्न ते घरून घेऊन गेले होते. विषय त्यांनी त्या प्रश्नाला लागतील तसे गोळा केले.

माझी एक चूक

दहा-बारा वर्षांपूर्वी ओळखीचा एक मुलगा असाच विचारायला आला होता. बारावीला गणितात शंभरपैकी शहाण्णव. मी गुण पाहिले आणि क्षणाचाही विचार न करता सांगितले, "गणित स्पेशल घे." दुसऱ्या वर्षी त्याने कॉलेज सोडले. मध्यंतरी एका लग्नात तो भेटला. वडिलांचे मोटार रिवायंडिंगचे दुकान आता तोच चालवतो, आणि उत्तम चालवतो. तक्रारीचा सूर न लावता तो म्हणाला, "सर, तुम्ही मार्क विचारलेत. दुकानात मी काय करतो ते विचारलं नाहीत." शाळेत असल्यापासून तो जळलेल्या मोटारी उघडून बघत होता. ते मला त्या दिवशी दोन मिनिटांत कळले असते. गणिताचे गुण त्याने पाठांतरावर मिळवले होते, हेही कळले असते.

गुण खोटे नसतात, पण ते फक्त विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे सांगतात. कल चाचणीचेही तसेच आहे. आपल्या राज्यात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची ती घेतली गेली. अशा चाचणीने दिशेचा अंदाज येतो. पण जो विषय मुलाने कधी चाखलाच नाही, त्याची आवड त्याने कागदावर कशी नोंदवावी?

म्हणून आता मी आलेल्या मुलांना तीन गोष्टी विचारतो. कोणी सांगितले नसताना तू काय करत बसतोस? ज्या विषयाचे नाव लिहिलेस, त्याच्या शेवटच्या वर्षाचे पुस्तक उघडून पाहिलेस का? आणि घरून किती वर्षांची सवड आहे? तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण गोविंदरावांचे आठ रुपये विसरून चालत नाही. ज्याला तीन वर्षांत कमावायला लागायचे आहे, त्याला दहा वर्षांच्या संशोधनाचे स्वप्न विकू नये. त्याच विषयातली लवकर पायावर उभे करणारी वाट दाखवावी.

पेन्सिलवाल्या मुलीला मी एक आठवड्याची मुदत आणि दोन प्रश्न दिले. गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना भेंडीचे पाणी घालतात. त्याने मळी वर कशी येते? आणि रस आटत जातो तसा त्याचा घट्टपणा किती वाढतो, हे घरच्या घरी कसे मोजशील? गुऱ्हाळाचा हंगाम संपला होता, म्हणून तिने गूळ पाण्यात विरघळवून काम भागवले. आठवड्याने ती आली तेव्हा दुसऱ्या प्रश्नाला अर्धे पान होते आणि पहिल्याला पाच पाने. भेंडी, मेथी, जवस, जो चिकट पदार्थ हाताशी आला तो तिने घालून पाहिला होता. मुख्य विषय रसायनशास्त्र, दुय्यम भौतिकशास्त्र, असे तिने स्वतःच पेनाने लिहिले.

हे काम खरे तर जूनमध्ये, माझ्या घरी होण्याचे नाही. ते नववी-दहावीच्या वर्गात व्हायला हवे. दर आठवड्याला फळ्याचा एक कोपरा राखून ठेवा. तेथे अभ्यासक्रमाबाहेरचा, गुण नसलेला एक प्रश्न लिहा : कधी गणितातला, कधी गावच्या इतिहासातला, कधी शेतातला. उत्तर येईपर्यंत तो पुसू नका. आणि मधल्या सुट्टीत त्या कोपऱ्यापाशी कोण रेंगाळते, तेवढे मात्र पाहून ठेवा.