मेंढीची ग्रंथी आणि दंडाचा पट्टा

माझी थोरली बहीण, आमची आपा, रक्तदाबाची गोळी कधी चुकवत नसे. तरी खालचा आकडा उतरेना. थकवा, सुजलेला चेहरा, भर उन्हाळ्यात थंडी. आम्ही म्हणायचो, वय झालं. अखेर रक्त तपासलं, तेव्हा थायरॉईड मंदावलेली निघाली.

मग मी इतिहास वाचू लागलो. अशा सुस्तावलेल्या, सुजलेल्या स्त्रियांचं वर्णन लंडनच्या विल्यम गल यांनी 1873 मध्ये केलं. 1891 मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून 46 वर्षांच्या एका बाईला उभं केलं. ती आणखी 28 वर्षं जगली. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचं रिवा-रोच्ची यांचं साधन आलं 1896 मध्ये. नळीनं ठोके ऐकून खालचा आकडा ओळखण्याची कोरोत्कोव्ह यांची रीत 1905 ची. म्हणजे औषध आधी आलं, मोजमाप मागून.

आज कारण ठाऊक आहे. थायरॉईडचा स्राव कमी पडला, की बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि विशेषतः खालचा दाब चढतो. प्रत्येक रक्तदाबामागे हेच कारण नसतं. पण डॉक्टरांना एकदा विचारायला काय हरकत?

थायरॉईडची गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनी आपाचा आकडा उतरला. ‘वय झालं’ हे शब्द आमच्या घरात आता जपून उच्चारले जातात.