डी ड्राइव्हमध्ये सगळं सेफ आहे

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५. उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर.

सकाळी ७.०५ (८ तास ६ मिनिटं शिल्लक)

नळाला पाणी आलं होतं. आमच्या शहरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे ज्या दिवशी येतं त्या दिवशी अख्खं घर नळाच्या तैनातीत असतं. मी मोटारीपाशी उभा होतो, पण डोक्यात कॉम्प्युटर होता. मंगळवारी, १४ तारखेला, विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षेची डागडुजी बंद होणार होती. आमचा पीसी २०१६ साली असेंबल करून घेतलेला, सहाव्या पिढीचा आय-थ्री. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

मग ठरवलं, की विंडोज आहे तिथेच राहू द्यायची आणि शेजारी लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकायची. मशीन चालू करताना हवी ती निवडायची. २००७ साली उबंटू नावाच्या लिनक्सची फुकट सीडी मी टपालाने मागवली होती, तेव्हा ती पाठवत असत. पोस्टमनने ती रंगमंदिराच्या रस्त्यावर मला गाठून दिली होती. त्या सीडीने मी काहीच केलं नाही. अठरा वर्षांनी हौस फेडायची होती.

"अहो, आज माळा आवरायचाय," ही म्हणाली. दिवाळी आठवड्यावर आली होती.

"दुपारपर्यंत होतंय माझं," मी म्हणालो.

सकाळी ८.४० (६ तास ३१ मिनिटं)

आधी बॅकअप. इतकं मलाही कळतं. डेस्कटॉपवरचं, डाऊनलोडमधलं, बँकेचं, विम्याचं, सगळं उचललं आणि डी ड्राइव्हमध्ये टाकलं.

इथे थोडं थांबतो, कारण या वाक्यात मराठी मध्यमवर्गाची वीस वर्षांची श्रद्धा आहे. कॉम्प्युटरवाला घरी यायचा, सीपीयू उघडायचा, फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "फॉर्मॅट मारावा लागेल. डी मध्ये काय ते टाकून ठेवा." मग तो फक्त सी पुसायचा, विंडोज परत टाकायचा आणि डी तसाच राहायचा. दरवेळी राहिला. त्यामुळे सी म्हणजे ओसरी आणि डी म्हणजे तिजोरी, असं आपल्या मनात पक्कं बसलं. लग्नाचे फोटो डी मध्ये, मुलीच्या बारशाचा व्हिडिओ डी मध्ये. आमच्या डी मध्ये 'बाबा' नावाचं एक फोल्डर होतं. माझे वडील शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी निजामाच्या राज्यातल्या लहानपणाच्या आठवणी स्वतः टाइप केल्या. बावीस प्रकरणं, प्रत्येकाची वेगळी फाइल. २०१९ मध्ये ते गेले.

सी आणि डी या हार्ड डिस्कच्या एकाच तबकडीवर मारलेल्या दोन रेघा आहेत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याचा कधी विचार केला नव्हता.

सकाळी १०.१५ (४ तास ५६ मिनिटं)

लिनक्स उतरवून झाली होती, तीन जीबीच्या आत-बाहेर. ती पेनड्राइव्हवर चढवायची तर पेनड्राइव्ह हवा. टेबलाच्या खणात एक आठ जीबीचा सापडला. त्यावर चिकटपट्टी आणि बाबांच्या अक्षरात 'आठवणी – प्रत'. ते जुन्या वळणाचे होते, कशाचीही एक प्रत वेगळी ठेवायचे.

लावून पाहिला. तीच बावीस प्रकरणं. म्हटलं, डी मध्ये आहेतच. तरी खबरदारी म्हणून पेनड्राइव्हमधलं सगळं पुन्हा एकदा डी मध्ये कॉपी केलं आणि त्या फोल्डरला नाव दिलं 'बाबा २'. मग पेनड्राइव्ह बूटेबल करायला घेतला. पडद्यावर इशारा आला, यातलं सगळं नष्ट होईल. मी 'ओके' दाबलं. चिकटपट्टी तशीच राहिली.

हा घटनाक्रम लिहायला बसलो तेव्हा शून्याची वेळ ३.११ धरली, कारण घाव तेव्हा बसला. खरं तर ती इथेच धरायला हवी होती.

सकाळी ११.५० (३ तास २१ मिनिटं)

विंडोजमध्येच ई ड्राइव्ह आक्रसवून शंभर जीबी जागा मोकळी केली. काळ्या पट्टीत 'अनअलोकेटेड' असं दिसू लागलं. गावाकडच्या शेताच्या कडेला आपल्या वाट्याची पड जमीन मोजून घ्यावी तसं बरं वाटलं. भाच्याला फोन केला. तो इथेच स्टेशन रोडवरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो.

"मामा, मी मित्रांबरोबर दौलताबादला निघालोय. संध्याकाळी येतो ना, तोवर थांबा."

"अरे, तू फक्त फोनवर राहा."

"बरं. पण पार्टिशनचा पडदा आला की मला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका."

दुपारी १.०५ (२ तास ६ मिनिटं)

जेवताना लाईट गेली. मला धडकी भरली ती याचीच. इन्स्टॉल चालू असताना लाईट गेली की मशीन कामातून जातं, असं मी ऐकून होतो. म्हणून यूपीएस शेजाऱ्यांकडून आणून जोडला, इन्व्हर्टरचं पाणी पाहिलं. लाईट वीस मिनिटांत आली आणि मग दिवसभर एकदाही गेली नाही.

दुपारी २.२० (५१ मिनिटं)

पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं, एफ-ट्वेल्व्ह, आणि लिनक्स उघडली. ही गोष्ट मात्र मान्य करावी लागेल: ती पेनड्राइव्हवरूनच चालते, तुमच्या तबकडीला हात लावत नाही. भाड्याने घेण्याआधी घरात दोन दिवस राहून पाहा म्हणण्यासारखं. नऊ वर्षांचं ते कुंथणारं मशीन तुरुतुरु चालत होतं. कीबोर्डमध्ये मराठी होतं. मी 'उस्मानपुरा' टाइप केलं, हिला दाखवलं.

"छान आहे," ती माळ्यावरून म्हणाली. "मग झालं ना?"

होता होता राहिलं ते इथे. तसंच बंद करून पितळेचे डबे उतरवायला गेलो असतो तर हा लेख झाला नसता.

दुपारी २.४८ (२३ मिनिटं)

इन्स्टॉलचं चिन्ह दाबलं. वाचून ठेवलं होतं त्याप्रमाणे पडद्यावर 'विंडोजच्या शेजारी टाका' असा पर्याय यायला हवा होता. तो नव्हता. दोनच होते: 'डिस्क पुसून लिनक्स टाका' आणि 'आणखी काही'. 'आणखी काही' उघडून पाहिलं तर माझी शंभर जीबी दिसत होती, आणि तिच्यापुढे लिहिलेलं, 'निरुपयोगी'.

का, ते मला नंतर कळलं. जुन्या पद्धतीच्या तबकडीत अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या तुकड्यात सगळ्या वाटण्यांची नोंद असते. त्यातली नोंदीची जागा फक्त ६४ बाइट, एकेका वाटणीला १६. म्हणजे चारच नावं लागतात. आमच्या तबकडीवर विंडोजची स्वतःची एक लपलेली छोटी वाटणी, मग सी, डी आणि ई. झाली चार. पाचव्याला जमीन आहे, पण सातबाऱ्यावर नाव चढवायला ओळ नाही. नव्या पद्धतीत १२८ नावं बसतात आणि त्या नोंदीची एक नक्कल तबकडीच्या शेवटी जपलेली असते. जुन्यात नक्कल नाही. जो काही उतारा आहे तो एकच.

दुपारी ३.०२ (९ मिनिटं)

भाच्याला फोन. लागला नाही. पुन्हा केला. पोरं तेव्हा दौलताबादच्या देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत होती. डोंगर पोखरून केलेला तो काळोखा वळणाचा बोगदा ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. शत्रूने चाचपडत आत यावं, चुकीचं वळण घ्यावं आणि खंदकात पडावं, अशी त्याची ख्याती आहे. तिथे रेंज कुठली येणार?

दुपारी ३.०९ (२ मिनिटं)

मी विचार केला. 'डिस्क पुसून' म्हणजे कोणती डिस्क? मी सकाळी एक जागा मोकळी केली आहे. तेवढीच पुसणार असेल. आणि समजा चुकून विंडोज गेली, तरी सी जाईल. डी तर आहेच.

कॉम्प्युटरने एकदा विचारलं. यादी दाखवली. त्यात सी, डी, ई ही नावंच नव्हती. लिनक्समध्ये ती नसतात. 'एसडीए' आणि पुढे एक आकडा, असं काहीतरी होतं. अनोळखी नावांची काळजी वाटत नाही.

माळ्यावरून हाक आली, "अहो, या डब्याला हात लावा जरा."

दुपारी ३.११

'पुढे'.

दुपारी ३.१३

कॉम्प्युटरने नकाशा दाखवून विचारलं, तुम्ही कुठे आहात? हा इन्स्टॉलर आधी तबकडीवर लिहायला लागतो आणि मग पत्ता विचारतो. अख्ख्या भारताला एकच ठिपका, कोलकाता. मी कोलकाता निवडलं आणि डबा उतरवायला गेलो.

दुपारी ३.५०

नवी लिनक्स सुरू झाली. विंडोज की लिनक्स असं तिने विचारलंच नाही. घड्याळ रात्रीचे ९.२० दाखवत होतं. विंडोज मशीनच्या घड्याळात भारताची वेळ लिहून ठेवते, लिनक्स तीच वेळ ग्रिनिचची समजते आणि त्यात आपले साडेपाच तास मिळवते. इंटरनेट जोडलं असतं तर लगेच दुरुस्त झालं असतं. फाइलींचं कपाट उघडलं. एकच मोठी, रिकामी, स्वच्छ डिस्क. शेतकऱ्यांचा सातबारा कोरा करण्याच्या घोषणा आयुष्यभर ऐकल्या. प्रत्यक्ष कोरा झालेला पाहिला तो हा.

सायंकाळी ५.४०

भाच्याचा फोन. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग, "मामा, बटण दाबून ठेवा. बंद करा. आता एक अक्षरही लिहू देऊ नका त्याच्यावर."

तो तासाभरात आला, बूट न काढता सीपीयूपाशी बसला आणि तबकडी काढून घेतली. उतारा गेला म्हणून पीक लगेच जात नाही, ते शेतात उभं असतं, पण त्यावर नवीन नांगर फिरला की गेलं. माझ्या लिनक्सने पुढच्या भागात काही जीबी नांगरले होते आणि उरलेल्या सगळ्या शेतात ठरावीक अंतराने आपले खांब रोवले होते.

जाता जाता त्याने आणखी एक सांगितलं. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार होते. मंगळवारची तारीख माझ्या डोक्यावर बसलेली नव्हतीच. हिने हे ऐकलं, पण काही बोलली नाही. पितळेचे डबे चिंचेने घासत राहिली.

रात्री ११.३०

झोप लागेना म्हणून भाच्याने मला एक गोष्ट पाठवली. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स १९९१ साली हेलसिंकीत एकाच मशीनवर मिनिक्स आणि स्वतःची नवी प्रणाली अशा दोन्ही ठेवून होता. एकदा त्याला मोडेमवरून फोन लावायचा होता. डायलचे आदेश त्याने चुकून हार्ड डिस्ककडेच पाठवले आणि मिनिक्सची वाटणी खराब झाली. मग त्याने मिनिक्स परत टाकलीच नाही, स्वतःच्या प्रणालीवरच राहिला. भाच्याला वाटलं मला धीर येईल. टोरवाल्ड्स तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचा होता आणि त्याच्या मिनिक्समध्ये त्याचे बाबा नव्हते.

पुढचे अकरा दिवस

दुसरी मोठी तबकडी विकत आणली. टेस्टडिस्क नावाच्या फुकट साधनाने जुन्या रेघा शोधल्या. प्रत्येक वाटणीच्या शेवटी तिच्या पहिल्या पानाची नक्कल असते, तिच्यावरून ई ड्राइव्ह जवळजवळ जसाच्या तसा मिळाला. त्यात सिनेमे होते. डी ची अनुक्रमणिका बिघडली होती, म्हणून फोटोरेक लावलं. ते नावं पाहत नाही, फाइलीचा चेहरा ओळखून उचलतं. हजारो फोटो आले, सगळ्यांची नावं नुसते आकडे. बारसं आणि तेरावं शेजारी शेजारी.

बाबांची प्रकरणं उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा. मला वाटलं संपलं. पण ते नासलेलं नव्हतं. बाबा जुन्या फाँटमध्ये टाइप करायचे, युनिकोडमध्ये नाही. त्या फाँटांत आतली अक्षरं इंग्रजीचीच असतात आणि फाँट फक्त त्यांना मराठी कपडे घालतो. फाँट सी ड्राइव्हबरोबर गेला होता. औरंगपुऱ्यात पत्रिका छापणाऱ्या एका डीटीपीवाल्याकडे तो मिळाला. त्याने पैसे घेतले नाहीत, पहिलं प्रकरण उभ्या उभ्या वाचून काढलं.

बावीसपैकी अकरा प्रकरणं तबकडीतून आली. चार आली चिकटपट्टीच्या त्या पेनड्राइव्हमधून. लिनक्सने त्याचे पहिलेच तीन जीबी वापरले होते, मागचा भाग शिल्लक होता. सात गेली. त्यांत एकोणिसावं आहे: सप्टेंबर १९४८, निजामाच्या राज्यावरच्या पोलीस ॲक्शनचे ते दिवस आणि रेडिओभोवती जमलेली गल्ली.

बाबांनी २०१४ साली या एका प्रकरणाच्या झेरॉक्स काढून आपल्या सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांना वाटल्या होत्या. पाठपोट, बारा पानं, डाव्या कोपऱ्यात टाचणी. उस्मानपुरा, पीर बाजार, क्रांती चौक या बाजूला कुणाच्या घरी दिवाळीच्या आवराआवरीत तसा कागद सापडला, तर कृपा करून रद्दीत घालू नका.