खेळाडूच्या हातीं शिट्टी

फुटबॉलच्या इतिहासांत 1891 हें वर्ष दोन कारणांनीं स्मरणीय आहे. त्या वर्षीं मुंबईंत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. आणि त्याच वर्षीं इंग्लंडांत नियम बदलून रेफरी मैदानाच्या आंत आला. तोंपर्यंत प्रत्येक संघ आपापला पंच आणी, आणि दोघांचें एकमत न झाल्यास कडेला उभा असलेला रेफरी निकाल देई. आतां ते पंच रेषेवर गेले, आणि कोणाचाहि पक्ष नसलेला एकच मनुष्य मध्यभागीं उभा राहिला.

ज्यानें एका संघाचें वेतन घेऊन खेळावें, त्यानेंच पुढें या निःपक्ष जागीं उभें राहावें, असें क्वचितच घडलें. धंदेवाईक खेळाडू निवृत्तीनंतर शिकविण्याकडे वळत. शिट्टी फार थोड्यांनीं हातीं धरली. बॉब मॅथ्यूसन हे त्या थोड्यांपैकीं एक. बोल्टन वाँडरर्स या नामांकित संघांत त्यांना जेमतेम कांहीं सामने मिळाले; पुढें ते लिंकन सिटीकडे गेले. खेळाडू म्हणून त्यांचा गाजावाजा झाला नाहीं.

त्यांची कसोटी 10 ऑगस्ट 1974 रोजीं लागली. लंडनच्या वेंब्ले मैदानावर लीड्स आणि लिव्हरपूल यांचा चॅरिटी शील्डचा सामना चालू असतां बिली ब्रेमनर आणि केव्हिन कीगन हातघाईवर आले. दोघेहि त्या काळचे लोकप्रिय खेळाडू. मॅथ्यूसन यांनीं दोघांनाहि बाहेर घालविलें. जातांना त्यांनीं रागानें अंगांतले सदरे काढून फेकले. पुढें प्रत्येकीं 500 पौंड दंडहि झाला. जी कीर्ति स्वतःस लाभली नाहीं, तिच्यापुढें मान न तुकवितां दिलेला हा निर्णय होता. त्याच मैदानावर 21 मे 1977 रोजीं एफ. ए. चषकाचा अंतिम सामना त्यांच्याकडे सोंपविण्यांत आला. मँचेस्टर युनायटेडनें लिव्हरपूलला 2-1 असें हरविलें.

हा मार्ग आपल्याकडेहि चोखाळला गेला आहे. गोव्याच्या उवेना फर्नांडिस आधीं खेळाडू होत्या. 2016 सालीं जॉर्डनमध्यें झालेल्या 17 वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकांत त्यांनीं सहायक पंच म्हणून काम केलें. अंधेरीच्या क्रीडासंकुलांत 2022 सालीं महिलांच्या आशिया चषकाचे सामने झाले. उपनगरांतील मुलींपैकीं एखादीला हाहि मार्ग खुला आहे.

खरा धक्का कोणता आणि सोंग कोणतें, हें खेळलेल्याला लवकर उमगतें. परंतु तेवढ्यानें पंच होत नाहीं. ज्या संघासाठीं एके काळीं घाम गाळला, त्याचा रंग डोळ्यांवरून पुसावा लागतो. शिट्टीचा मान त्यानंतरचा.