करडईचे काटे

मराठीत जिला करडई म्हणतात, तिलाच कानडीत कुसुबे म्हणतात. बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या सरहद्दीच्या तालुक्यांत ही दोन्ही नावे एकाच बांधावर ऐकावयास मिळतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची विभागणी झाली. उदगीर, निलंगा हे बीदरचे तालुके मुंबई राज्याकडे आले. बीदर आणि गुलबर्गा म्हैसूरकडे गेले. गुलबर्ग्याचे नाव २०१४ साली कलबुर्गी झाले. काळ्या जमिनीला आणि तीतील रब्बीच्या पिकांना मात्र ही रेषा कधी ठाऊक नव्हती.

कानडी नावात एका विसरलेल्या उद्योगाची खूण राहिली आहे. संस्कृतातील कुसुंभ तो हाच. याच्या पाकळ्यांतून लाल रंग निघे. पाकळ्या प्रथम पाण्यात वारंवार धुऊन पिवळा रंग काढून टाकीत, मग खाराच्या पाण्यात लाल रंग उतरवीत आणि आंबट रस घालून तो खुलवीत. इजिप्तच्या प्राचीन थडग्यांतील वस्त्रांवर हा रंग सापडला आहे. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’तील वसंतात स्त्रियांची वस्त्रे याच रंगाची आहेत. रंग देखणा खरा, पण कच्चा! म्हणूनच ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने शोभून दिसणाऱ्या पण न टिकणाऱ्या अनुरागाला कुसुंभराग असे नाव दिले. १८५६ साली पर्किनला कृत्रिम रंग सापडला आणि पुढे अशा रंगांनी बाजार भरला, तेव्हा कुसुंभाचा व्यापार बुडाला. मराठीत ‘कुसुंबी’ हे विशेषण तेवढे उरले.

रंग गेला तरी झाड गेले नाही, कारण बियांत तेल होते आणि पानांना काटे होते. ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातील. जे एक फूल म्हणून दिसते तो अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो. तो प्रथम पिवळा असतो आणि सुकताना नारिंगी-तांबडा होतो. बोंडाभोवती काटेरी पानांचे कोंदण असते, बी पांढरे व चौधारी. त्याच शिवारात पिवळा धोत्राही काटेरी असतो व पिवळा फुलतो. पण त्याचे देठ मोडताच पिवळा चीक येतो, आणि त्याचे कुळ अफूचे. उंटकटारा मात्र करडईचा खरा भाऊबंद. त्याचे फूल चेंडूसारखे गोल असते.

लागवडीची रीत काळ्या जमिनीने ठरविलेली आहे. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, ओल असतानाच पेरणी होते. सोटमूळ खोल जाते आणि खालची ओल शोधते. त्यामुळे पुढे पाऊस न पडला तरी पीक तग धरते. मावा हा तिचा मोठा शत्रू. उशिरा पेरलेल्या पिकावर तो अधिक पडतो. शाळवाच्या किंवा हरभऱ्याच्या शेताला करडईच्या ओळींचे कुंपण घालण्याची चालही जुनी. गुरे आत शिरत नसत, वर घरचे तेल आणि बैलांना पेंड मिळे.

पण ज्या काट्यांनी शेत राखले, त्यांनीच शेतकऱ्याला पिकापासून दूर केले. काढणी पहाटे, दव पडून काटे मऊ असताना, हातांना फडकी गुंडाळून करावी लागते. असे काम करावयास मजूर मिळेनासे झाले. दुसरीकडे सोयाबीन व तूर यांनी जमीन व्यापली. कलबुर्गीच्या तूरडाळीस तर २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले. संशोधकांनी हात टेकले नाहीत. कर्नाटकातून ‘अण्णिगेरी-१’ आणि सोलापुरातून ‘भीमा’ हे वाण आले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याची करडई सिद्ध केली. तिच्या पाकळ्या सहज वेचता येतात आणि औषधी चहासाठी विकता येतात. म्हणजे शेतकऱ्याचा हात पुन्हा पाकळीकडेच वळला! पण बिनकाट्याची करडई बांधावर लावून उपयोग नाही. तिच्या कुंपणाला गुरे भिणार कशी?

कोवळ्या करडईची भाजी मात्र अजूनही दोन्ही बाजूंच्या घरांत शिजते. दाट उगवलेली रोपे विरळ करताना उपटावीच लागतात, तीच टोपलीत पडतात. फक्त पानांचे काटे टणक होण्यापूर्वी तिथे पोहोचावे लागते.