मातृगीत आणि षष्ठीचे एकवचन

मराठीत ज्याला 'मातृदिन' म्हणतात त्या दिवसाच्या इंग्रजी नावात षष्ठीचे एकवचन आहे. ते अनवधानाने आलेले नव्हे. अ‍ॅना जार्विस या अमेरिकन विदुषीने १० मे १९०८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये आपल्या आईच्या स्मरणार्थ प्रार्थना करविली, त्या प्रसंगी पांढऱ्या कार्नेशनची ५०० फुले पाठविली, आणि नावातील एकवचनाचा आग्रह अखेरपर्यंत धरला. प्रत्येकाने आपल्या एकाच आईला वंदन करावयाचे, मातृवर्गाला नव्हे. १९१४ साली अध्यक्ष विल्सन यांनी काढलेल्या जाहीरनाम्यातही हेच रूप टिकले. गंमत अशी की, जिच्या स्मृतीसाठी हा खटाटोप, त्या अ‍ॅन रीव्ह्ज जार्विस यांचे कार्य बहुवचनी होते. बालमृत्यू कमी व्हावेत म्हणून त्यांनी १८५८ च्या सुमारास गावोगावच्या मातांची मंडळे उभारली होती. 'मातृदिन' या समासात विभक्तीचा लोप होतो आणि त्याबरोबर हा सारा वादही लोपतो.

एकवचनी भावनेस सोपे गीत लवकरच मिळाले. हॉवर्ड जॉन्सन यांचे शब्द व थिओडोर मोर्स यांची चाल असलेल्या १९१५ मधील गीतात आईवाचक इंग्रजी शब्दाच्या सहा अक्षरांचा एकेक अर्थ सांगून शेवटी तीच अक्षरे जुळविली आहेत. ते नाट्यगृहांसाठी रचले गेले खरे. पण रचना अशी की मुलाने ते म्हणता म्हणता शुद्धलेखनही गिरवावे. मराठीत ही युक्ती चालत नाही. 'आई' या शब्दात व्यंजन मुळी नाहीच. दोन स्वरांत गीत आटोपते, आणि ईकारारंभी शब्द शोधू गेल्यास ईश्वराच्या पाठोपाठ ईर्ष्याच हाती लागते! मर्डॉक यांनी जमविलेल्या १०७२ मातृपितृवाचक शब्दांच्या आधारे रोमान याकोबसन यांनी दाखविले की, मातृवाचक शब्दांपैकी ५५ टक्क्यांत अनुनासिक वर्ण येतो, पितृवाचकांपैकी केवळ १५ टक्क्यांत. 'माय' त्या नियमात बसते, 'आई' बसत नाही. तिचे साम्य द्राविडी 'आय्', 'आयि' या शब्दांशी दाखविले जाते.

मराठी वर्गात मातृगीताने निराळीच वाट धरली. माधव जूलियन (१८९४–१९३९) आणि यशवंत (१८९९–१९८५) यांच्या आईवरील कविता कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केल्या. दोन्ही कवितांतील वक्ता आईला मुकलेला आहे. शिक्षकाने विचार केल्यास हे विलक्षणच म्हणावे लागेल: घरी आई भाकरी थापीत असताना चाळीस मुले एका सुरात पोरक्याची वाणी बोलत असतात. जे जवळ आहे त्याचे मोल अभावाच्या कल्पनेवाचून मुलाला कळत नाही, असे याचे समर्थन करता येईल. ते पूर्णांशाने पटणारे नाही. वर्गात खरोखरच आई नसलेले एखादे मूल असले म्हणजे शिक्षक ही कविता म्हणवून घेताना कचरतो, आणि ते स्वाभाविकही आहे.

तथापि अमेरिकन प्रथेशी ताडून पाहता दुसरी बाजू दिसते. तेथे पुढे आई हयात असणाऱ्याने लाल आणि नसणाऱ्याने पांढरे फूल लावण्याची चाल पडली; म्हणजे पोरके मूल छातीवरील फुलावरूनच ओळखू येई. मराठी कवितेत म्हणणारे सारेच पोरके. त्या समूहस्वरात खरे पोरके मूल कोणते, हे शेजारच्या बाकावरील मुलालाही कळत नाही.