किसन फागूजींचं दुकान

वस्तीतला दुकानदार गेला की लोक त्याच्या उधारीच्या वहीची आठवण काढतात. मला इथं आठवण काढायची आहे ती एका छापखानेवाल्याची. किसन फागूजी बनसोडे, जन्म 1879, गाव मोहपा. 1907 साली त्यांनी नागपुरात आपल्या पोरींसाठी शाळा काढली आणि 1910 साली स्वतःचा छापखाना टाकला. 'मूकनायक' निघाला 1920 मध्ये. त्याची तर पैसे देऊनही 'केसरी'नं जाहिरात छापली नाही! परक्याच्या छापखान्यात आपला मजकूर मालकाच्या मर्जीवर. इथं खिळे आपले, शाई आपली. त्यातून 'निराश्रित हिंद नागरिक' निघालं, 1913 ला 'विटाळ विध्वंसक', 1918 ला 'मजूर पत्रिका'. एक बंद पडलं की दुसरं. असल्या नावाच्या पत्रात नफा कुठला बा?

आपली काही पोरं नाक मुरडतात, म्हणे हा गडी चोखोबातच अडकला. 1931 च्या पत्राचं नावही 'चोखामेळा'च, ते खरं. पण त्या पोरांनी एकदा खिळे जुळवून पाहावेत, एकेक अक्षर, तेही उलटं. किसन फागूजी 1946 मध्ये गेले. दीक्षेचा दिवस त्यांना दिसला नाही.