वर्गशिक्षणातील आभासी व संवर्धित वास्तव

वर्गात प्रत्यक्ष आणता न येणारी स्थळे, वस्तू व प्रक्रिया संगणकनिर्मित दृश्यांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांच्या अनुभवास आणून देण्याच्या अध्यापनपद्धतीला आभासी व संवर्धित वास्तवाचा शैक्षणिक वापर असे म्हणतात. आभासी वास्तवात (व्हीआर) विद्यार्थी डोळ्यांवर हेडसेट लावून पूर्णतः कृत्रिम दृश्यात वावरतो. संवर्धित वास्तवात (एआर) सभोवतालचे खरे जग दिसत राहते व मोबाइल किंवा टॅबच्या पडद्यावर त्यात त्रिमितीय आकृतीची भर पडते.

इतिहास

अमेरिकन संगणकतज्ज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर बसवायचे दृश्ययंत्र तयार केले. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ ही संज्ञा बोइंग कंपनीतील टॉम कॉडेल यांनी १९९० च्या सुमारास रूढ केली. गूगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा ‘कार्डबोर्ड’ हा स्वस्त दर्शक आणल्यामुळे साध्या स्मार्टफोनवरही आभासी दृश्ये पाहणे शक्य झाले. शाळांसाठीचे गूगलचे ‘एक्स्पिडिशन्स’ हे ॲप मात्र २०२१ मध्ये बंद करण्यात आले.

कार्यपद्धती

हेडसेटमधील दोन भिंगांतून दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात व त्यामुळे खोलीचा भास होतो. मान वळताच संवेदक ती हालचाल टिपतात आणि दृश्यही त्यानुसार बदलते. संवर्धित वास्तवात कॅमेरा पुस्तकातील चित्र किंवा समोरचा पृष्ठभाग ओळखून त्यावर आकृती स्थिर करतो. अशा रीतीने हृदयाचे कप्पे किंवा रेणूची रचना सर्व बाजूंनी पाहता येते.

महाराष्ट्रातील वापर

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेत जोडले. इंटरनेटवरून दूरच्या वर्गांसाठी त्यांनी आभासी सहलीही घडवल्या. त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही क्यूआर संकेत आले. क्यूआर संकेत म्हणजे संवर्धित वास्तव नव्हे. तो केवळ ध्वनिचित्रफितीसारख्या साहित्याकडे नेणारा दुवा असतो. तथापि छापील पानावरून दृश्य साहित्याकडे जाण्याची सवय त्यामुळे रुजली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आभासी प्रयोगशाळांचा पुरस्कार केलेला आहे.

क्षेत्रभेट आणि आभासी सहल

महाराष्ट्राच्या इयत्ता दहावीच्या भूगोलात भारत व ब्राझील यांचा तुलनात्मक अभ्यास असून पहिलेच प्रकरण ‘क्षेत्रभेट’ हे आहे. ॲमेझॉनच्या वर्षावनाची ओळख आभासी सहलीतून करून देणे उचित ठरते. परंतु परिसरातील भूरूपांना तिची गरज नसते. जुन्नर तालुक्यातील आणे गावाजवळ, कल्याण–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) मार्गावरील आणे घाटात गुळंचवाडी येथे खडकाची झीज होऊन बनलेला नैसर्गिक पूल आहे. तेथील खडकाला हात लावून, मापे घेऊन व रेखाटन करून मिळणारे ज्ञान हेडसेट देऊ शकत नाही. याच तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेना असलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे. तिच्या ॲन्टेना डोळ्यांना दिसतात, पण त्यांनी टिपलेले रेडिओतरंग दिसत नाहीत. ते समजावून सांगताना संवर्धित आकृती उपयोगी पडू शकते. जे दूर, अदृश्य, धोकादायक किंवा नष्ट झालेले आहे, तेथे हे तंत्रज्ञान सर्वाधिक सार्थ ठरते.

मर्यादा

डोळ्यांना जाणवणारी गती आंतरकर्णाला जाणवत नसल्याने काहींना मळमळ व चक्कर येते. म्हणून वापर काही मिनिटांपुरताच ठेवावा लागतो. उत्पादक कंपन्या वापरासाठी किमान वयही ठरवून देतात. हेडसेटची किंमत, वीज, इंटरनेटचा वेग व मराठी साहित्याची कमतरता या ग्रामीण शाळांपुढील मुख्य अडचणी आहेत. संपूर्ण वर्गात एकच हेडसेट असेल तर बहुसंख्य विद्यार्थी प्रेक्षकच राहतात. अशा वेळी तेच दृश्य प्रोजेक्टरवर सर्वांना दाखवणे अधिक न्याय्य ठरते. पाहण्यापूर्वी प्रश्न देणे व पाहिल्यानंतर चर्चा, लेखन किंवा रेखाटन करून घेणे आवश्यक असते. अन्यथा पाठ केवळ करमणूक बनण्याचा संभव असतो.